औषधाचे आयुष्य

पूर्वी गावोगावच्या दवाखान्यांत कंपाउंडर रोग्यासाठी औषधाचे मिश्रण तयार करून बाटलीत भरून देत असे. बाटलीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीच्या खुणांवरून मात्रा मोजली जाई. आज बहुतेक औषधे कारखान्यांत तयार होतात. तरीही काही रुग्णांसाठी औषध स्वतंत्रपणे तयार करावे लागते. गोळी गिळू न शकणाऱ्या बालकासाठी गोळीची पूड करून पातळ औषध बनवणे, हे त्याचेच उदाहरण.

असे औषध किती दिवस वापरावे? कारखान्यातील औषधाची मुदत दीर्घकाळ चाचण्या घेऊन ठरवली जाते. एकाच रुग्णासाठी केलेल्या मिश्रणाची अशी चाचणी सहसा झालेली नसते. म्हणून मूळ गोळीच्या वेष्टनावरील मुदत त्या मिश्रणाला लागू पडत नाही.

अमेरिकेच्या औषधसंहितेने यासाठी मर्यादा आखून दिल्या आहेत. तिचे सुधारित नियम १ नोव्हेंबर २०२३ पासून अमलात आले. पोटात घेण्याच्या किंवा त्वचेवर लावण्याच्या ज्या औषधांची टिकाऊपणाची स्वतंत्र चाचणी झालेली नाही, त्यांच्यासाठी या मर्यादा आहेत. पाणी असलेले व परिरक्षक न घातलेले औषध शीतकपाटात ठेवून जास्तीत जास्त १४ दिवस वापरावे. परिरक्षक घातल्यास ३५ दिवस. पाणी नसलेले, पोटात घेण्याचे पातळ औषध ९० दिवस, तर कोरडी पूड वा कॅप्सूल १८० दिवस चालते. एखादा घटक त्याआधीच कालबाह्य होणार असेल, तर तीच तारीख अंतिम मानतात.

या फरकाचे मूळ पाण्यात आहे. सूक्ष्मजीवांना वाढण्यासाठी पाणी लागते; शिवाय पाण्यामुळे अनेक औषधांचे रासायनिक विघटनही होते. मुरांबा टिकतो, कारण त्यातील साखर पाणी धरून ठेवते आणि ते सूक्ष्मजीवांच्या उपयोगी पडत नाही.

हेच तत्त्व आपल्या घरातही लागू होते. मुलांसाठी मिळणाऱ्या काही प्रतिजैविकांची बाटलीतील पूड कोरडी असेपर्यंत दीर्घकाळ टिकते. पाणी मिसळताच तिचे आयुष्य दिवसांवर येते. अमॉक्सिसिलिनच्या अशा बाटलीवर बहुधा सात दिवसांची मर्यादा छापलेली असते. उरलेले औषध पुढच्या आजारासाठी जपून ठेवणे ही काटकसर नव्हे. त्याचा रंग वा वास बदललेला नसला, तरी त्याची शक्ती घटलेली असू शकते आणि रोग बळावू शकतो. म्हणून औषध तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि मुदत संपताच ते वापरणे थांबवावे.