फार शहाणं पिल्लू

चिंगी आमच्या घरी आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. मूठभर पांढरा कापूसच जणू! पॉमेरेनियन म्हणजे घर डोक्यावर घेणारी जात. पण ही दोन उड्या मारायची आणि धापा टाकत बसायची. आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचो, "किती शहाणी आहे बघा!"

लस टोचायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवून आधी स्टेथोस्कोप कानाला लावला. तो सरकत सरकत डाव्या काखेत, अगदी वर गेला आणि तिथेच थांबला. "ऐका," म्हणून त्यांनी तो माझ्या कानाला लावला. ठोके वेगळे ऐकूच येईनात. पिठाच्या गिरणीसारखी अखंड घरघर! हात ठेवला तर बोटांनाही थरथर जाणवली. मांडीच्या आतली नाडी टणाटण उडत होती.

आईच्या पोटात पिल्लाची फुप्फुसं श्वास घेत नाहीत. म्हणून महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी एक आखूड नळी असते. जन्मानंतर काही दिवसांतच ती मिटते. चिंगीची उघडीच राहिली होती. शरीराकडे निघालेलं रक्त तिच्यातून पुन्हा फुप्फुसांत शिरत होतं आणि हृदयाची डावी बाजू तो जादा भार ओढत होती. उपचार न मिळालेली अशी अनेक पिल्लं वर्षाच्या आत दगावतात.

अर्थात, हृदयातला प्रत्येक आवाज घातक नसतो. काही पिल्लांतला हलका आवाज चार-सहा महिन्यांत आपोआप जातो. बॉक्सर, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात महाधमनीच्या तोंडाशी जागा अरुंद असू शकते; तिथला आवाज अखंड नसतो, ठोक्याबरोबर येतो. एक्स-रेत हृदयाचा आकार दिसतो. पण खरा निवाडा रंगीत डॉपलर सोनोग्राफीचा. रक्त कुठून कुठे वाहतं, ते तीच दाखवते.

1938 साली बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीची अशीच नळी बांधली होती. आज कुत्र्यांचीही बांधतात, किंवा मांडीतल्या धमनीतून तारेचं बूच नेऊन बसवतात.

चिंगीची नळी बांधली. हा दोष वंशात उतरतो, म्हणून तिला पिल्लं होऊ दिली नाहीत. आज ती नऊ वर्षांची आहे आणि तिच्या भुंकण्याबद्दल शेजारी तक्रार करतात.

तुमच्याकडे पिल्लू आलं, तर पहिल्या लशीच्या वेळी डॉक्टरांना एवढंच सांगा, "जरा काखेतही ऐका." पिल्लू फारच शहाणं असेल, तर नक्कीच!