विश्लेषण : चर्च ‘धर्मग्राम’ कधी होते?

पेठहून नाशिक सुमारे ५५ किलोमीटर. पण १९८७ पर्यंत नाशिक जिल्ह्यातील कॅथलिकांचे बिशप बसत ते पुण्याला. गावातील चर्चला धर्मग्रामाचा दर्जा द्यायचा, तर निर्णय तिथून होई.

बदल कधी झाला?
पुणे धर्मप्रांत १८८६चा. त्यातून १५ मे १९८७ रोजी नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला. आजचे नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे त्यात येतात. येशूसंघाचे थॉमस भालेराव पहिले बिशप झाले.

धर्मग्राम कसा उभा राहतो?
सुरुवात बहुधा कुणाच्या तरी घरातील प्रार्थनेने होते. दूरच्या चर्चमधून धर्मगुरू अधूनमधून मिस्सासाठी येतात. पुढे छोटे प्रार्थनागृह बांधले जाते. कुटुंबे वाढली की बिशप धर्मगुरूंच्या मंडळाशी चर्चा करून धर्मग्राम जाहीर करतात. हा अधिकार फक्त बिशपांचा.

फरक काय पडतो?
स्वतंत्र प्रमुख धर्मगुरू मिळतात. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यूच्या नोंदवह्या तिथेच राहतात. चर्चमध्ये लग्न लावायचे तर बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. नोंदवही दूरच्या चर्चमध्ये असेल, तर त्यासाठी मजुराचा एक दिवस बुडतो. शिवाय प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती सक्तीची असते. पैशांच्या कारभारात तिथल्या भाविकांनाही बोलता येते.

म्हणूनच डोंगरी भागात इमारतीइतकीच ही नोंदवही मोलाची. भिंती वर्गणीतून उभ्या राहतात. धर्मग्राम मात्र माणसे टिकली, तरच होतो.