मांजरेच्या गाळातले मेण

कळंबजवळून वाहणारी मांजरा कंदकुर्तीपाशी गोदावरीला मिळते आणि तिचा गाळ अखेर बंगालच्या उपसागरात जातो. त्या गाळात पानांवरचे मेणही असते. पान कुजते, आकार जातो; पण ओलावा राखण्यासाठी झाडाने पानावर चढवलेल्या मेणाचे लांब साखळीचे रेणू हजारो वर्षे टिकतात. दगडात उमटलेल्या पानाइतकेच हेही जीवाश्म, फक्त ते वाचायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. गाळातून द्रावकाने मेण काढायचे, रेणू एकेक सुटे करायचे, जाळून त्यांचा कार्बन डायऑक्साइड करायचा आणि चुंबकीय क्षेत्रात वायूचे जड व हलके रेणू वेगळे वळवून मोजायचे, असे हे काम. जड कार्बन-१३ निसर्गात जेमतेम १.१ टक्का. तूर, हरभरा, बाभूळ, लिंब यांच्या पानात तो कमी शिरतो. ज्वारी, बाजरी आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवते मात्र वायू आतल्या पेशींत कोंडून घेतात, त्यामुळे त्यांना हलका कार्बन निवडायला फारसा वाव उरत नाही. म्हणून गवताचे मेण झाडाच्या मेणापेक्षा जड भरते.

गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून २००६ साली काढलेल्या गाळाच्या नळकांड्यावर कॅमिलो पॉन्टन, लिव्हियू जिओसान आणि सहकाऱ्यांनी हे तंत्र वापरले. २०१२ मध्ये त्यांनी मांडले की सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून खोऱ्यात कोरड्या हवेला सरावलेल्या वनस्पती वाढत गेल्या आणि १,७०० वर्षांपूर्वीनंतर हा कोरडेपणा कायम झाला. मराठवाड्यातला दुष्काळ कालपरवाचा की जुना, या वादात हा पुरावा फारसा कुणी आणत नाही. आणायला हवा. त्यातून दिसते की ऊन आणि तुटीचा पाऊस हा या भूमीचा जुना स्वभाव आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ज्वारी-बाजरीही याच गवतांच्या गटातली. मग गाळातले जड मेण पाऊस घटल्याचे की कुऱ्हाड-नांगर चालल्याचे? शिवाय गोदावरीचे खोरे तीन लाख चौरस किलोमीटरांहून मोठे. दख्खनची माती जास्त धुपून गेली, तर रानात काहीच न बदलता मेण बदललेले दिसेल. जिओसान यांच्याच २०१७ च्या अभ्यासात धूप वाढल्याचे आढळले, म्हणून ही शंका पोकळ नाही. पण तिथला क्रमही पाहावा: पावसाळा मंदावल्याने धूप आधी वाढली, शेतीच्या विस्ताराने तिच्यात नंतर भर घातली. त्याच नळकांड्यातल्या सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांतला ऑक्सिजनही समुद्र खारावल्याचे, म्हणजे नदीचे गोडे पाणी घटल्याचे सांगतो, आणि त्या कवचांचा नांगराशी संबंध नाही. उरला खोऱ्याच्या आकाराचा प्रश्न. त्यासाठी बुलढाण्यातले लोणार आहे. या बंदिस्त सरोवरात दूरची माती येत नाही, आणि त्याच्या गाळात सुमारे ४,६०० ते ३,९०० व २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे दोन लांब अवर्षणकाळ सापडले. तारखा तंतोतंत जुळत नाहीत, दिशा जुळते.

मात्र जुना कोरडेपणा म्हणजे आजच्या टंचाईची सबब, असे कुणी म्हणेल तर ते रसायनशास्त्राच्या माथी मारू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, कारण मांजरा धरण आटले होते. त्याच खोऱ्यात साखर कारखाने आणि उसाचे मळे उभे आहेत. इथे तंत्राची खरी मर्यादा उघडी पडते. ऊसही ज्वारीच्याच गटातला. उद्या कुणी धनेगावच्या, म्हणजे याच मांजरा धरणाच्या, जलाशयातला गाळ केवळ कार्बनवरून वाचला, तर सर्वाधिक पाणी पिणारे पीक त्याला कोरड्या माळाचे गवत वाटेल. मेणातला हायड्रोजन पाण्याच्या मूळ स्रोताबद्दल थोडे अधिक सांगू शकतो, परागकण आसपासच्या वनस्पतींचा ढोबळ अंदाज देतात. दोन्ही जोडीला घेतल्याशिवाय त्या गाळाचा निकाल लावू नये.