कांगारूची कंडरा आणि तिपेडी वेणी

क्ष-किरणांची नळी हे मोठं खर्चिक यंत्र. टंगस्टनची तार तापवायची, तिच्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन हजारो व्होल्टच्या जोरावर तांब्यावर आदळवायचे, आणि हाती काय येतं? एक टक्क्याहूनही कमी ऊर्जा क्ष-किरणांत उतरते. बाकी सगळी उष्णता. तांब्यामागे पाणी अखंड खेळतं ठेवलं नाही, तर नळी कामातून गेलीच. असं यंत्र पैसे मोजून आणता येतं; त्याच्याभोवती माणसं आणि प्रश्न जमवणं फार अवघड.

१९५२ साली मद्रास विद्यापीठाने भौतिकशास्त्राच्या प्रमुखपदासाठी आधी सी. व्ही. रामन यांना विचारलं होतं. त्यांनी आपल्या शिष्याचं नाव सुचवलं: जी. एन. रामचंद्रन. वय जेमतेम तिशीचं. बंगळूर आणि केंब्रिजमध्ये क्ष-किरणांवर हात बसलेला. गिंडीच्या आवारात त्यांनी प्रयोगशाळा उभी करायला घेतली. त्याच सुमारास इंग्लंडहून आलेले स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल बोलता बोलता म्हणाले, की कोलॅजेनची रचना अजून कुणाला नीट उलगडलेली नाही. कोलॅजेन म्हणजे आपली कातडी, हाडं, कंडरा यांना बांधून ठेवणारं प्रथिन. नव्या गटाला प्रश्न मिळाला.

नमुन्यांची शोधाशोध झाली आणि कांगारूच्या शेपटीतली कंडरा उपयोगी पडली. बारीकसा तंतू ताणून झोतासमोर धरायचा, मागे फिल्म लावायची, तासन्‌तास थांबायचं, मग अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायची. उमटतात ते पुसट डाग आणि कमानी. त्यातली एक कमान सांगते, की तंतूच्या लांबीत दर २.८६ अँगस्ट्रॉमवर एकेक घटक येतो. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटावा भाग! कोलॅजेनमधला साधारण दर तिसरा घटक ग्लायसिन असतो, सगळ्यांत लहान अमिनो आम्ल. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी हे दोन धागे जोडले. १९५४ साली त्यांनी ‘नेचर’मध्ये अमिनो आम्लांच्या तीन साखळ्यांची रचना मांडली, पुढच्याच वर्षी त्या साखळ्या एकमेकींभोवती वळवल्या. थेट तिपेडी वेणी. तिन्ही पदर जिथे चिकटतात त्या गाभ्यात ग्लायसिनखेरीज कुणाला शिरायला जागाच नाही.

कोलॅजेनच्याच रचनेवर काम करणाऱ्या क्रिक आणि रिच यांनी आक्षेप घेतला: तुमच्या रचनेत अणू फार दाटीने बसलेत. मला या कहाणीतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते यापुढचं. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, हे मद्रासच्या गटाने आधीच उलगडलेल्या स्फटिकांच्या रचनांत शोधलं. त्या अंतरांवरून, साखळीतल्या प्रत्येक सांध्याला कोणत्या दोन कोनांत वळता येईल, याचा नकाशा तयार झाला. १९६३ साली रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी तो प्रसिद्ध केला. आक्षेपाचं उत्तर शोधता शोधता हाती लागलेला हा आलेख कोलॅजेनपुरता उरला नाही, प्रथिनं मुळात कशी वळू शकतात ते तो सांगतो.

आज कुठल्याही प्रयोगशाळेत प्रथिनाची नवी रचना हाती आली, की तिचे कोन ‘रामचंद्रन आलेखा’वर मांडून बघतात. एखादा ठिपका निषिद्ध भागात पडला, तर संशोधक पुन्हा मूळ मोजमापांकडे वळतात.