बोल्टाचा नंबर आणि बॉडीचा नंबर

आमच्या बेळगावात एनसीसीला जाणारं पोर नाही असं मराठी घर शोधावं लागेल. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच, त्यामुळे रायफल हा शब्द मुलांच्या कानावर लहानपणापासून असतो. त्यात शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून ओळखीच्या दोन-तीन घरांत शूटिंगचा हट्ट चालू आहे. नेम कसा धरायचा, श्वास कुठे रोखायचा हे शिकवणारे उस्ताद पुष्कळ आहेत. मी सैन्यात आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. मला सांगायचंय ते नेम धरण्याच्या आधीचं.

बोल्ट हे नळीच्या मागच्या तोंडाचं झाकण. कुकरच्या झाकणासारखंच म्हणा, फक्त घरच्या कुकरात दाब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम १ किलो असतो, आणि थ्री-नॉट-थ्रीच्या चेंबरमध्ये तो क्षणभर ३ हजारांच्या वर जातो. हा सगळा धक्का बोल्ट झेलतो. त्याच्यामागे तुमचा गाल असतो.

काडतूस चेंबरमध्ये शिरताना एका ठिकाणी अडतं. थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस बुडाच्या कडेवर, म्हणजे रिमवर अडतं, ७.६२ चं खांद्याच्या उतारावर. ते अडण्याची जागा आणि बंद बोल्टाचा चेहरा यांमधलं अंतर म्हणजे हेडस्पेस. अंतर कमी असेल तर बोल्ट बंदच होत नाही. जास्त असेल तर बोल्ट छान बंद होतो, आणि खरी भीती तिथेच आहे, कारण हाताला काही कळत नाही. बार झाला की पितळी केसची पातळ भिंत चेंबरला घट्ट चिकटते, बूड मात्र मोकळ्या जागेत मागे ढकललं जातं. मधलं पितळ ताणतं. फार ताणलं तर बुडाच्या थोडं वर केस तुटते आणि पेटलेला वायू मागे येतो. झाडलेल्या केसवर बुडाजवळ चकचकीत कडं दिसलं तर ती याचीच पहिली खूण.

थ्री-नॉट-थ्रीला लष्करी माप ०.०६४ ते ०.०७४ इंच. दोन टोकांत पाव मिलिमीटरचा फरक! तो डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून गेज वापरतात. बोल्टातली फायरिंग पिन काढायची, चेंबरमध्ये ‘गो’ गेज ठेवायचं, बोल्ट बंद व्हायला हवा. मग ‘नो-गो’ ठेवायचं, बोल्ट बंद होता कामा नये. बोल्ट फिरवायचा तो एका बोटाने. मुठीने जोर लावला की पोलादसुद्धा पाहिजे ते उत्तर देतं, असं आमचे उस्ताद म्हणायचे.

ली-एनफील्ड नंबर ४ ची सोय मला फार आवडते. तिच्या बोल्टाचं डोकं आट्यांवर फिरवून काढता येतं, आणि डोकी ० ते ३ नंबरांची, क्रमाने किंचित लांब असतात. हेडस्पेस वाढला तर पुढच्या नंबरचं डोकं लावून पुन्हा गेज घालायचं. माउझर घाटाच्या बोल्टात ही सोय नाही. त्याला पुढे दोन कान असतात; दोन्ही कान बॉडीत सारखे टेकले तरच भार सारखा वाटला जातो. कानांना निळी शाई लावून बोल्ट फिरवला की कळतं, कुठे शाई पुसली आणि कुठे तशीच राहिली. मग बारीक पेस्टने कान घासायचे, बोल्टाचा चेहरा लेथवर नळीच्या अक्षाला काटकोनात आणायचा. याला ट्रुइंग म्हणतात. पण घासलेला प्रत्येक कण हेडस्पेस वाढवतो, म्हणून शेवटी माप पुन्हा बसवावंच लागतं. शिवाय जुन्या बोल्टांचं पोलाद फक्त वरच्या पातळ थरात कडक असतं. तो थर घासून गेला की खालचं मऊ पोलाद दर बाराला दबत जातं. सरसकट प्रत्येक जुन्या रायफलीचा बोल्ट ‘ट्रू’ करून घेण्याची हौस मला पटत नाही. शाई बऱ्यापैकी सारखी पुसली जात असेल आणि गेज होकार देत असेल, तर हात आवरावा.

आता मुलांच्या कामाचं. एका कॅम्पात मी पाहिलंय: संध्याकाळी रायफली साफ करायला बसलेली मुलं, मधे ताडपत्रीवर वीसेक बोल्ट एका ढिगात, आणि ज्याच्या हाताला जो लागेल तो बसवणं चाललेलं. सगळे बसले, सगळे बंद झाले. मुलांना वाटलं काम झालं. दुसऱ्या दिवशीचं फायरिंग मी सकाळी थांबवायला लावलं. बोल्टाच्या दांड्यावर नंबर असतो, बॉडीवर असतो. ते जुळवत बसलो, तर सात रायफलींत दुसरीचाच बोल्ट निघाला. दोन तास गेले, पोरं वैतागली, एक जण म्हणाला, “सर, बसतोय की!” त्याला मी गेज हातात दिलं. त्या सातांपैकी एका जोडीत नो-गो वर बोल्ट सहज बंद झाला. मग तो गप्प बसला आणि उरलेले नंबर त्यानेच वाचून दाखवले.

पॉइंट टू-टूमध्ये दाब कमी, म्हणून तिथे हे चालतं असं समजू नका. तिचा दारूगोळा पेटतो तोच रिमवर मार बसून. जागा सैल असेल तर मार दर वेळी सारखा बसत नाही, पेट कमी-जास्त होते आणि गोळ्या वर-खाली पडतात. ५० मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. तिथे मुलं महिनोन्‌महिने आपल्या श्वासाला दोष देत बसतात.

घरी आलेल्या मुलांना मी तीन गोष्टी करायला सांगतो. साफसफाईला एका वेळी एकच रायफल उघडा. फायरिंगआधी चेंबर कोरडं पुसा, कारण तेलकट चेंबरला केस चिकटत नाही आणि सगळा धक्का बोल्टावर येतो. आणि बोल्ट बसवताना दोन्ही नंबर मोठ्याने वाचा. गेज, लेथ, पेस्ट हे परवाना असलेल्या माणसाचं काम. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने दुरुस्तीलाही परवाना लागतो. नंबर वाचायला मात्र कसलाच परवाना लागत नाही, आणि उस्तादांना “सर, हा जुळत नाही” म्हणायलाही नाही.