तांब्याची तार आणि चोपन्नाव्या वर्षाचा हिशेब

नवे तंत्रज्ञान आले की वयस्क कर्मचारी शिकायला कंटाळतो आणि मुदतीआधीच घरी बसतो, असे सर्रास म्हटले जाते. मुंबईच्या महानगर टेलिफोन निगमचा अनुभव वेगळे सांगतो.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतल्या एक्स्चेंजांत राबलेली पिढी क्रॉसबारवरून इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर आलीच होती. संगणकही तिने पचवला. केबल जॉइंटरची विद्या तर बोटांतली: पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरले की शेकडो जोड्यांतून बंद पडलेली जोडी हुडकून सांधायची. मोबाइलने ही तारच अनावश्यक केली. काचेचा तंतू यंत्राने सांधतात. तेही हे लोक शिकले असते. पण २०१० मध्ये थ्रीजी आणि ब्रॉडबँडच्या लहरींसाठी सुमारे ११ हजार कोटी रुपये मोजून निगम कर्जात रुतले आणि फोरजीच्या लहरी त्याच्याकडे आल्याच नाहीत. शिकायचे कशावर?

२०१९ मध्ये पगार लांबू लागले. त्याच ऑक्टोबरमध्ये केंद्राने पन्नाशी गाठलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना मंजूर केली. निर्णयाला मुदत जेमतेम महिन्याची, ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर.

झालेल्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा पगार, असे सूत्र होते. समजा, वय ५४, नोकरी ३० वर्षे. म्हणजे १०५० अधिक १५०, एकूण १२०० दिवस. ढोबळमानाने ४० महिन्यांचा पगार. शिवाय सरकारी पेन्शन लागू असेल तर साठीपर्यंतच्या ७२ महिन्यांचे अर्धे वेतन, म्हणजे आणखी ३६. बेरीज ७६. नोकरीत राहिले तर मूळ वेतन आणि महागाई भत्त्याचे ७२ महिनेच, आणि तेही वेळेवर मिळाले तर! घरभाडे भत्ता आणि वार्षिक वेतनवाढ धरली तर पारडे पुन्हा नोकरीकडे झुकू शकते, पण थकणाऱ्या पगारावर ती आशा कोण बांधणार? ३१ जानेवारी २०२० रोजी निगमचे १४ हजारांहून अधिक कर्मचारी निवृत्त झाले. याला ‘स्वेच्छा’ म्हणायला जीभ जरा अडखळते.

अडचण झाली ती पन्नास-बावन्नच्या मंडळींची. त्यांची नोकरीची वर्षे कमी, म्हणून रक्कम लहान. मुले कॉलेजात, घराचे हप्ते चालू. आणि एरवी निवृत्त होताच पेन्शनचा काही भाग विकून जी एकरकमी रक्कम हाती येते, ती साठी गाठेपर्यंत मिळणार नव्हती.