पाऊस ‘पुष्कळ’ म्हणजे किती?

मंचरहून भीमाशंकरकडे जाताना तळेघर लागते. या डोंगरपट्ट्यात ‘पाऊस पुष्कळ आहे’ हे वाक्य पावसाळ्यात रोज कानी पडते. त्याचा अर्थ लावण्यावर माणसांचे प्राण अवलंबून असू शकतात, हे याच आंबेगाव तालुक्यातील माळीणने दाखवून दिले. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर खचला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. नेहमीच्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेर वार्ता पोहोचली.

चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे तो मुसळधार, अशी हवामान खात्याची व्याख्या आहे. दप्तराला अशी रेषा हवीच. परंतु ६४ मिलिमीटरला डोंगर निर्धोक आणि ६५ला धोकादायक, असे कोण म्हणेल?

ही अडचण ओळखून लोत्फी झादे यांनी १९६५ साली धूसर संचांची कल्पना मांडली. तीनुसार साठ मिलिमीटर पाऊस, समजा, ०.४ इतका ‘मध्यम’ आणि ०.६ इतका ‘मुसळधार’ मानता येतो. अशा शब्दांवर मग नियम रचतात: ‘पाऊस मुसळधार आणि जमीन चिंब, तर सावध व्हावे.’

मात्र पाऊस, जमिनीतील ओल आणि उतारावरील भेगा या तिन्हींच्या तीन-तीन पायऱ्या धरल्या, तरी सत्तावीस नियम होतात. एखादा विसरला किंवा दोन परस्परविरुद्ध पडले, तर ते यादीत सहजासहजी उमगत नाही. येथे निर्णय-आकृती उपयोगी पडते. या आकृत्यांची सुसूत्र रीत रँडल ब्रायंट यांनी १९८६ साली दिली. आकृतीत प्रश्न ठरावीक क्रमाने येतात आणि एकाच निष्कर्षाला जाणाऱ्या वाटा एकत्र मिळतात. पहिलाच प्रश्न भेगांचा ठेवला आणि उत्तर ‘स्पष्ट दिसतात’ असे आले, की घर सोडावे. पुढचे काही विचारायचे नाही. सत्तावीसपैकी नऊ नियम एका प्रश्नात आटोपले. उत्तर धूसर असेल तेथे दोन्ही वाटांनी आपापल्या वजनानिशी पुढे जावयाचे आणि शेवटी वजने ताडून पाहावयाची.

दुसरी अनिश्चितता याहून वेगळी आहे. पाऊस किती पुष्कळ, हा शब्दाचा प्रश्न झाला. पर्जन्यमापक वाचलाच गेला नाही, हा अज्ञानाचा. यादीत अज्ञानाला जागा नसते आणि रिकामा रकाना पुष्कळदा ‘धोका नाही’ असा वाचला जातो. आकृतीत ‘माहीत नाही’ ही स्वतंत्र वाट काढता येते आणि ती अधिक सावध निर्णयाकडे वळवता येते. ती वळवावी, असे आमचे मत आहे.

अर्थात आकृती डोंगर जाणत नाही. प्रश्नांचा क्रम आणि शब्दांची वजने माणसेच ठरवितात. तेव्हा भूशास्त्रज्ञांबरोबरच त्या उतारावर भातखाचरे कसणाऱ्यांनाही विचारले पाहिजे. भर पावसात, अंधारात, गुरे-वासरे मागे टाकून निघणे त्यांनाच भाग पडते. इशारा फुकट गेला तर त्याची झळही त्यांनाच. म्हणून ही आकृती यंत्रात दडवून न ठेवता शाळेच्या भिंतीवर लावावी. तिच्या शेवटच्या चौकटीत केवळ ‘घर सोडा’ एवढेच नव्हे, तर कोठे जावयाचे तेही लिहिलेले असावे. ते लिहिण्याआधी तो निवारा उभा करणे मात्र शासनाचे काम आहे.